इमाम नदाफांचं सॅम्पल

आमच्या कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माती प्रयोगशाळेत इमाम नदाफ यांनी एकोणतीस वर्षं सॅम्पलं केली आणि त्यांनी उभं केलेलं सॅम्पल पडलं असं कुणी पाहिलं नाही. सॅम्पल म्हणजे मातीची कांडी. जाड मेणबत्तीएवढी, तीन इंच उंच. माती साच्यात ठोकून ती करायची, पातळ रबरी पिशवीत घालायची, जाड पारदर्शक नळकांड्यात पाण्याच्या दाबाखाली ठेवायची आणि वरून हळूहळू दाबत जायचं. किती जोराला ती हार मानते ते लिहून घ्यायचं. एवढ्याशा कांडीच्या भरवशावर रस्ते, पूल आणि बंधारे उभे राहतात. रिपोर्टवर सही माझी असते. मी जिनेंद्र मगदूम, मूळचा शिरोळचा, माती याच विषयातला पीएच.डी. माझ्या हातून आजवर एकही कांडी धड निघालेली नाही आणि हे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

इमामभाई आमच्याकडे आले ते शिरोलीच्या एका फौंड्रीतून. तिथं ते मोल्डर होते. वाळू ठोकून ठोकून साचा बसवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम. वाळू कुठं ढिली राहिली तर लोखंड साचा फोडून बाहेर येतं आणि माणसाचा पाय जातो. त्यांच्या शेजारच्या मोल्डरचा गेला, तेव्हा घरच्यांनी, म्हणजे मेहमुदाभाभींनी, त्यांना तिथून सोडवलं. फौंड्री सुटली, पण हाताचं वळण सुटलं नाही. घट्ट ते चांगलं आणि ढिलं ते धोक्याचं, हे त्यांच्या मनगटात पक्कं मुरलं होतं. आम्हालाही तेच हवं होतं, कारण आमच्याकडे येणारी निम्मी कामं रस्त्याच्या कंत्राटदारांची, आणि रस्त्याची माती ठोकूनच तपासायची असते.

हे मी कौतुकानं लिहितोय असं वाटेल. कौतुक करायचा अधिकार मी कसा घालवला ते पुढं येईलच.

इमामभाई रोज गडमुडशिंगीहून मोपेडवर यायचे. आल्याआल्या आदल्या दिवशीच्या रबरी पिशव्या धुऊन, पावडर लावून दोरीवर वाळत घालायचे. लॅबमध्ये शिरलेल्या माणसाला तिथं कुणाची तरी बाळुती वाळताहेत असं वाटायचं. मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं की ती कुठल्या शिवारातली ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. एकदा एका कंत्राटदारानं दुसरीकडचा चांगला मुरूम पोत्यात भरून आणला, तर पोतं न उघडता, नुसतं उचलून म्हणाले, पावणं, ही तुमच्या रस्त्यावरची न्हाय, परत घिऊन जावा. तो तणतणत माझ्याकडे आला. मी त्याला चहा पाजला आणि पोतं ठेवून घेतलं. आमच्या दोघांत काय फरक होता ते या एका प्रसंगात आलं.

त्यांचं रजिस्टर म्हणजे देखणं काम होतं. निळ्या शाईत, तिरकं न जाणारं अक्षर, खाडाखोड नाही. शेवटचा रकाना रिमार्कचा. तो ते कधीच भरत नसत. रिमार्क सरांनी लिहायचा असतो, असं त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांनी नमाजासारखं पाळलं. सर मंडळी तो रकाना कधी भरत नसत. कुठली माती कशी करायची ते आम्ही दारात उभ्या उभ्या, चहाचा कप हातात धरून सांगायचो. लेखी सूचना द्यायची पद्धतच नव्हती, अजूनही नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे लाल गाळाची चार पोती आली. घाटाकडच्या डोंगरात एक कंपनी खनिज काढते. ते धुतल्यावर उरणारा गाळ पाण्याबरोबर पाइपातून एका मोठ्या तळ्यात सोडतात. तिथं तो साचत जातो आणि तळ्याचा बांधही त्याच गाळाचा, थरावर थर देत, उंच करत नेतात. कंपनीला बांध आणखी पाच मीटर चढवायचा होता. त्यासाठी गाळात किती ताकद आहे ते हवं होतं. सोबतच्या पत्रात त्यांनी तळ्यातल्या गाळाची जागेवरची घनता लिहिली होती, एक पूर्णांक छत्तीस. म्हणजे फार ढिला. पाण्यातून अलगद खाली बसलेला गाळ ढिलाच असणार.

इमामभाईंनी तेवढ्याच घनतेला कांडी केली. साचा सोडवला आणि त्यांची कांडी पहिल्यांदाच खाली बसली. दुसरी केली, तीही बसली. तिसऱ्या वेळेला ते माझ्या केबिनच्या दारात आले. मी मूल्यांकन समितीच्या फायलींत मान घालून बसलो होतो.

"सर, ही माती ढिली उभी ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "खालनं पंपानं जरा हवा ओढून धरली तर ऱ्हाईल. पंप तेवढा दुरुस्त करून घ्या की."

हवा ओढायचा पंप दीड वर्ष बंद होता. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज माझ्याच टेबलावर, त्या फायलींच्या खाली कुठंतरी होता. मी वर न बघता म्हणालो, "घट्ट करा इमामभाई. सोमवारी रिपोर्ट द्यायचाय."

पत्रात ढिली लिहिली आहे, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही करा. ते गेले आणि त्यांनी केली. एक पूर्णांक बहात्तरची कांडी, कोरीव कामासारखी सुबक. ती दाबाखाली इतकी झुंजली की मला बरं वाटलं. रजिस्टरमध्ये त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. मी रिमार्क लिहिला नाही. रिपोर्टमध्ये ताकदीचा आकडा दिला, घनतेबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि सही केली.

यात काय चुकलं ते मी दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. सहा मार्कांचा प्रश्न आहे. तीच माती घट्ट असली की दाणे एकमेकांना अडतात आणि ती भार पेलते. ढिली आणि पाण्यानं भरलेली असली की धक्क्यासरशी दाणे पोकळीत घसरतात, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, सगळा भार त्या पाण्यावर येतो आणि मातीची आमटी होते. मुलं हे घोकून लिहितात आणि मी पूर्ण मार्क देतो.

बांध चढला. दोन पावसाळे त्यानं काढले. यंदाच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी साडेदहाच्या सुमारास तो फुटला. फुटला म्हणणंही बरोबर नाही, वाहून गेला. खालच्या धनगरवाड्यातली सहा घरं लाल गाळाखाली गेली आणि तीन माणसं मेली. त्यातल्या धोंडुबाई दारात भांडी घासत होत्या. त्यांचा नवरा केरबा शेळ्या घेऊन वरच्या अंगाला गेला होता म्हणून वाचला. त्यानं ते सगळं वरून पाहिलं.

चौकशी समिती नेमली गेली आणि समितीनं माती तपासायचं काम दिलं ते आमच्याच लॅबला. जवळची लॅब म्हणून. जुना रिपोर्ट आमचा होता ही गोष्ट कुणाला खटकली नाही. आमचे विभागप्रमुख राजवर्धन सर मला म्हणाले, काम आपल्याकडेच आलं हे बरं झालं. मी मान डोलावली.

मी आणि इमामभाई जीपनं वर गेलो. बांधाचा एक तुकडा शिल्लक होता. त्याच्या मागच्या गाळात इमामभाई गुडघ्यावर बसले आणि हातानं छोटा खड्डा घेऊन जागेवरची घनता काढू लागले. मी कडेला, बूट वाचवत उभा. केरबा तिथं आला. साठीचा वाळका माणूस, डोक्याला मळका पटका. बराच वेळ तो नुसता इमामभाईंचे हात बघत राहिला. मग त्यांच्या समोर उकिडवा बसला.

"पावणं, पाऊस लई झाला म्हणून फुटलं म्हणत्यात," तो म्हणाला. "पाऊस आमी जल्मापासनं बघतोय. बाई माझी कशानं मेली, तेवढं खरं सांगशीला का?"

इमामभाईंनी हात पुसले. "जे निघंल ते लिवतो," ते म्हणाले. "कमी न्हाय, जास्त न्हाय."

केरबानं मला काही विचारलं नाही. गाळात कुणाचे हात आहेत ते त्याला दिसत होतं. परत येताना जीपमध्ये इमामभाई मला म्हणाले, आता पंप मीच बघतो. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्यांनी वायसर कापला, बसवला आणि अर्ध्या दिवसात पंप सुरू केला. साडेतीन वर्षं माझ्या टेबलावर पडलेलं काम ते एवढंच होतं.

या खेपेला खालून हवा ओढून धरली आणि ढिली कांडी उभी राहिली. त्यांनी तिच्यात पाणी भरलं, दाब दिला, पाण्याची वाट बंद केली आणि यंत्र सुरू केलं. मी शेजारी होतो. जोर दाखवणारी सुई थोडी वर गेली, क्षणभर थांबली आणि मग सरळ मागं आली. पाण्याचा दाब दाखवणारा काटा मात्र चढतच गेला. कांडी पोटातून सुटून खाली बसली. जुन्या रिपोर्टमध्ये मी जी ताकद लिहिली होती, तिचा दहावा हिस्साही शिल्लक राहिला नव्हता.

इमामभाईंनी यंत्र बंद केलं. कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. तेव्हाच्या पत्रातली घनता एक पूर्णांक छत्तीस होती. आत्ता डोंगरावर त्यांनी स्वतः काढलेलीही तेवढीच आली होती.

"सर, ही तीच माती," ते म्हणाले. "गेल्या बारीला आपण घट्ट केलती. तवा पंप चालू असता तर ती बाई जित्ती असती."

आपण, असं ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. मला त्या क्षणी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला भीती वाटली. धोंडुबाईंचं नंतर वाटलं.

पुढच्या आठ दिवसांत त्यांनी आणखी तीन ढिल्या कांड्या केल्या. तिन्ही तशाच बसल्या. मी ते आकडे राजवर्धन सरांकडे नेले. त्यांनी वाचले, उठून केबिनचं दार लावलं आणि मला खुर्ची दिली. दोन्ही रिपोर्ट आपल्याच लॅबचे, दोन्ही वेगळे बोलले तर लॅब राहील का, असं त्यांनी मला समजावलं. ढिली सॅम्पलं विश्वासार्ह नाहीत असं लिहायचं, रूढ पद्धतीनं घट्ट केलेली घ्यायची आणि पावसाचे आकडे जोडायचे. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे त्यांनी त्याच बैठकीत, सहज बोलता बोलता सांगितलं. तसा रिपोर्ट मी लिहिला. चांगला लिहिला. मला लिहिता येतं.

तो टाइप झालेला रिपोर्ट बाइंडिंगला न्यायचं काम इमामभाईंचं. त्यांनी तो लॅबच्या टेबलावर ठेवून पानन् पान वाचला आणि माझ्या दारात आणून परत केला. मी हे न्यायचो न्हाय, म्हणाले. केरबाला शब्द दिलाय. मी त्यांना बसवलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, मेहमुदाभाभींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, असलं सगळं बोललो. त्यांच्या काळजीनं बोलतोय असं मलाही बोलताना वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, दोन्ही रजिस्टरांच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि स्वतः समितीच्या कार्यालयात नेऊन दिल्या. सोबत निळ्या शाईत चार ओळींचा अर्ज. माझ्या हातून सॅम्पल घट्ट झाले होते, खरी माती ढिली होती, तपासून पाहावे. माझा रिपोर्ट मग बाइंडिंगला गेलाच नाही, टेबलाच्या खणात राहिला.

माझं नाव त्यांनी अर्जात घातलं नव्हतं. मला वाटलं, घाबरले. तसं नव्हतं. लॅबमध्ये पिशव्या वाळत घालता घालता त्यांनी मला सांगितलं, "माझं मी लिवलंय. तुमचं तुमी सांगशीलाच." त्यांना खरंच तसं वाटत होतं. एकोणतीस वर्षं सरांचा रकाना सरांसाठी कोरा सोडणारा माणूस, त्यानं हाही सोडला.

सुनावणी कोल्हापुरातच, दुपारी तीन वाजता, एका सरकारी सभागृहात झाली. समितीचे अध्यक्ष निवृत्त अभियंता होते, मऊ बोलणारे. मागच्या खुर्च्यांवर धनगरवाड्यातली माणसं होती आणि त्यांत केरबा. कंपनीच्या वकिलानं इमामभाईंनीच दिलेलं पान हातात घेतलं. कंपनीनं घनता बरोबर कळवली होती, हे पाहा, लॅबच्याच रजिस्टरमध्ये आहे. मग ती बदलली कुणी, एवढाच त्याचा प्रश्न होता.

इमामभाई उभे राहिले. मी बदलली, म्हणाले. कुणाच्या सांगण्यावरून, असं अध्यक्षांनी विचारलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मी स्वतः उठेन म्हणून वाट बघत होते, हे मला कळलं. मी उठलो नाही. मग ते म्हणाले, मगदूम सरांच्या. लेखी आहे का? लेखी कुणी सांगत न्हाय साहेब, दारातनंच सांगत्यात. मग रिमार्कमध्ये का लिहिलं नाही?

"तो रकाना सरांचा हाय," इमामभाई म्हणाले.

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं की मी तशी सूचना दिली होती का. मला तो दिवस लख्ख आठवत होता. फायलीचा रंग आठवत होता, दारातली त्यांची सावली आठवत होती, त्यांनी दोनदा सांगितलेलं आठवत होतं. त्याच सकाळी राजवर्धन सर मला म्हणाले होते की आठवणं हे काही कुणावर बंधनकारक नसतं.

"मला तसं आठवत नाही," मी म्हणालो.

इमामभाई खाली बसले. कुणी बसा म्हणायच्या आधीच बसले. अध्यक्षांनी लघुलेखकाला सावकाश मजकूर सांगितला. प्रयोगशाळा सहायक श्री. नदाफ यांनी कोणत्याही लेखी सूचनेशिवाय नमुन्याची घनता परस्पर बदलली. त्यामुळे बांधाच्या ताकदीचा चुकीचा आकडा पुढे गेला. कंपनीने सद्भावनेने त्यावर विसंबून काम केले. बांध ढिल्या गाळामुळे गेला, हे इमामभाईंचं म्हणणं समितीनं जसंच्या तसं मान्य केलं. ते खरं ठरलं, फक्त त्याचा दोष त्यांच्याच गळ्यात बांधला. वकिलानं फाईल मिटली. पाण्याची बाटली उघडायचा आवाज आला.

बाहेर व्हरांड्यात इमामभाई एकटेच उभे होते. निलंबन, चौकशी, पेन्शन अडकणं, हे सगळं आता ओळीनं येणार हे त्यांना माहीत होतं. पण ते केरबाची वाट बघत थांबले होते. तो आला तसे ते दोन पावलं पुढं झाले.

"माझ्या म्होरं बसून जे निघंल ते लिवतो म्हणालास," केरबा त्यांना म्हणाला. आवाज चढवला नाही. "तूच केलतास व्हय?"

मी चार हातांवर होतो. इमामभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "हात माझाच हुता."

केरबानं त्यांच्याकडे पाठ केली आणि तो माझ्यापाशी आला. पटका काढून काखेत धरला. खरं बाहेर काढणारा शिकलेला माणूस म्हणून त्यानं मलाच धरलं होतं, कारण आत सगळे मला सर म्हणत होते.

"सर, तुमी हुतासा म्हणून खरं काय ते कळलं," तो म्हणाला, आणि त्यानं मला हात जोडले.

इमामभाई तिथंच उभे होते. मीही हात जोडले.